पायाच्या डॉक्टरांचं काम जवळून बघायचंय? ठाणे-नवी मुंबईतल्या विद्यार्थ्यांसाठी

पहिली अडचण पाटीची. 'पोडियाट्रिस्ट' अशी पाटी शोधत घोडबंदर रोडवरून वाशीपर्यंत फिरलात तरी हाती फारसं लागणार नाही. आपल्याकडे हे काम बहुतेक 'डायबेटिक फूट क्लिनिक' या नावाखाली चालतं. ते बघणारे डॉक्टर जनरल, व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) किंवा प्लास्टिक सर्जन असतात, कुठे मधुमेहतज्ज्ञ. त्यामुळे नावापेक्षा ओपीडीचं वेळापत्रक बघा. मोठ्या हॉस्पिटलांत, मेडिकल कॉलेजांतही, सर्जरी विभागात 'पायाच्या जखमांचं ड्रेसिंग कोणत्या वारी असतं' असं विचारलं की नेमकं उत्तर मिळतं.

बाहेरदेशी शिकायचं असेल तर एक गोष्ट आधीच तपासा. ब्रिटनमध्ये पोडियाट्री ही थेट पदवी आहे, बहुतेक ठिकाणी तीन वर्षांची. अमेरिकेत आधी पदवीचं शिक्षण, मग चार वर्षांचं डीपीएम (डॉक्टर ऑफ पोडियाट्रिक मेडिसिन) आणि त्यानंतर तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण. अमेरिकेतली काही कॉलेजं शिफारसपत्र डीपीएम डॉक्टरचंच मागतात. इथल्या सर्जनचं पत्र चालेल का, हे कॉलेजला मेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. चाळीस तास उभं राहून झाल्यावर हे कळण्यात अर्थ नाही.

परवानगी मागताना

फोन दुपारी करा, सकाळची ओपीडी उरकल्यावर. ओपीडीच्या गर्दीत रिसेप्शनिस्ट तुम्हाला पेशंट समजून नंबर देईल. त्यानंतर चार ओळींचा मेसेज पाठवा: तुम्ही काय शिकताय, पुढे कुठे अर्ज करणार, कोणत्या वारी किती वेळ येऊ शकता, आणि 'मी फक्त बघेन, पेशंटला हात लावणार नाही'. हे शेवटचं वाक्य गाळू नका, डॉक्टरांची निम्मी काळजी तिथेच मिटते. मोठ्या हॉस्पिटलांत यालाच 'ऑब्झर्वरशिप' म्हणतात. तिथे कॉलेजचं पत्र, ओळखपत्र आणि अठराच्या आत असाल तर पालकांची संमती लागू शकते.

सलग पाच दिवस मागण्यापेक्षा ठरलेला एकच वार मागा, पाच आठवडे, दर वेळी साधारण चार तास. पायाची जखम आठवड्याआठवड्याने बदलते आणि तोच पेशंट पुन्हा त्याच वारी येतो. एका माणसाची जखम पाच वेळा बघितलीत तर पन्नास नव्या जखमा एकदाच बघण्यापेक्षा जास्त शिकाल. डॉक्टर जखमेची लांबी-रुंदी मोजतात. समजा पहिल्या दिवशी ४ × ३ सेंमी, म्हणजे ढोबळ मानाने १२ चौरस सेंमी. चार आठवड्यांत ती ६ च्या आसपास आली नाही, तर रक्तपुरवठा, जंतुसंसर्ग आणि पायावर पडणारा भार पुन्हा तपासला जातो. बहुतेकदा गडबड भाराचीच निघते: ड्रेसिंग उत्तम, पण पेशंट त्याच पायावर भाजी आणायला जातोय.

जाण्याआधी

हिपॅटायटिस बी च्या लशीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, म्हणून आत्ताच सुरू करा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते बघून ठेवा. पायात बंद बूट हवेत, सँडल नको, कारण ब्लेड खाली पडतं. बुरशी लागलेलं नख मशिनने घासताना बारीक धूळ उडते, तेव्हा एन-९५ मास्क लावा. पोटभर नाश्ता करून जा. पहिल्या डिब्राइडमेंटला, म्हणजे मेलेली कातडी कापताना, भोवळ येणं अगदी नेहमीचं आहे. जरा गरगरलं की भिंतीला टेकून सरळ खाली बसा. लाजून उभे राहिलात तर ट्रॉलीवर पडाल.

काय बघायचं

पेशंट दारातून आत येतो तिथूनच बघायला लागा. चालताना कोणता पाय ओढतो? चप्पल कुठे झिजलीय? 'काका, चप्पल पायातून निसटली तर कळतं का?' हा प्रश्न कानावर पडेल. साधा वाटतो, पण चप्पल मागे राहिली आणि माणूस तसाच पुढे चालत गेला, तर संवेदना गेल्याचा तो पक्का इशारा आहे.

पायाची संवेदना बघणारी मोनोफिलामेंटची तपासणी अगदी जवळून बघा. नायलॉनचा हा जाडसर दोरा १० ग्रॅम दाबाला वाकतो. आधी तो पेशंटच्या हाताला लावून दाखवतात, मग डोळे मिटायला सांगतात. अंगठ्याला आणि चवड्याला काटकोनात टेकवून, दोरा वाकेपर्यंत दाबून सेकंदभर धरायचा. घट्ट्यावर लावायचा नाही, तिथली कातडी जाड असल्याने उत्तर चुकतं. दाबतानाच 'लागतंय का?' विचारलं की माणूस भिडेखातर 'हो' म्हणतो. म्हणून जाणकार मधूनच दोरा न टेकवताही विचारतात. एकच दोरा सलग दहाएक पेशंटना वापरला की तो मऊ पडतो, त्याला दिवसभर विश्रांती लागते.

रक्तपुरवठ्यासाठी हँड डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं हातातलं यंत्र, आणि बीपीचा पट्टा. घोट्याच्या बीपीचा वरचा आकडा भागिले दंडाचा: ९६ भागिले १४० म्हणजे ०.६९. ०.९ च्या खाली आलं तर रक्तवाहिनी अरुंद झालेली. १.४ च्या वर गेलं तर 'चला, छान' म्हणू नका. मधुमेहात धमन्यांत कॅल्शियम साचतं, त्या पट्ट्याने दबतच नाहीत आणि आकडा फसवा येतो.

उरलेलं काम कुरूप, टाचेच्या भेगा, बोटात रुतलेलं नख आणि एमसीआर (मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या) चपला. हे कंटाळवाणं वाटलं तर तेही नोंदवा, कारण या पेशात दिवसाचा मोठा भाग यातच जातो. ऋतूप्रमाणे कामही बदलतं. जुलै-ऑगस्टमध्ये चिखल्या. नवरात्रात अनवाणी राहण्याचं व्रत पाळणारे टेंभी नाक्यावर दर्शनाला चालत येतात, मग दसऱ्यानंतर तळव्याच्या जखमा. मेमध्ये तापलेल्या डांबराने पोळलेले पाय, ज्यांचं दुखणं मालकालाच माहीत नसतं.

वही आणि पेशंट

डॉक्टरांनी तुमची ओळख करून दिली आणि पेशंटने मान डोलावली, तरच खोलीत थांबा. मावशी 'नको' म्हणाल्या तर कारण न विचारता बाहेर जा. फोटो अजिबात नाही, नुसत्या पायाचाही नाही. वहीत नाव, फाइल नंबर किंवा सोसायटी लिहू नका. 'साठीतली बाई, डावा पाय, चवड्याखाली जखम' एवढं पुरतं. प्रश्न पेशंट गेल्यावरच विचारा. 'हा पाय वाचेल का?' हे त्याच्यासमोर कधीही नाही.

तारीख, आल्याची आणि गेल्याची वेळ लिहून त्याच दिवशी डॉक्टरांची सही घ्या. महिन्याभराने एकदम सह्या मागितल्या की डॉक्टरांनाही आठवत नाही आणि तास ढोबळ होतात. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्राचा मसुदा सोबत न्या आणि त्यात 'निरीक्षण केले' असंच लिहा. भलत्या उत्साहात 'उपचारात सहाय्य केले' असं टाकलंत, तर मुलाखतीत पहिला प्रश्न तिथूनच निघेल: कोणत्या परवान्यावर?