सोयाबीनला रायझोबियम लावताना

सोयाबीनचं मूळ जेनिस्टीन, डेडझीन अशी रसायनं मातीत सोडतं. ब्रेडीरायझोबियम हा रायझोबियम गटातला, हवेतला नत्र झाडाला देणारा जिवाणू ती ओळखतो आणि उलट ‘नॉड घटक’ ही खुणेची रसायनं सोडतो. मग मुळावरचा बारीक केस वळतो, जिवाणू आत शिरतो, मुळावर गाठ धरते. ही ओळख नेमकी असते, म्हणून हरभऱ्याच्या रायझोबियमचं पाकीट सोयाबीनला चालत नाही.

१ लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा. गरम द्रावणात जिवाणू मरतात. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम संवर्धक (पाकिटातलं जिवाणू खत) घ्या. बी ओलसर होईल इतकंच द्रावण घालून हलक्या हाताने चोळा. सोयाबीनचं साल फार नाजूक, रगडलं की उगवण गेलीच. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, रायझोबियम सगळ्यात शेवटी.

युरियाचा हात आखडता ठेवा: मातीत नायट्रेट भरपूर असलं की झाड गाठी धरू देत नाही.

चाळीसेक दिवसांनी झाड उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्याने मातीसकट काढा, पाण्यात धुवा, गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लाल दिसलं तर लेगहिमोग्लोबिन हे गाठीतलं लाल द्रव्य आहे, काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट गाठ नत्र देत नाही.