अमुक झाडाने दारू उतरते, असं संशोधन दिसलं तर ते कसं वाचायचं

घरात कुणी पिणारं असलं की नातेवाईक हमखास अशी बातमी पाठवतात, या झाडाच्या अर्काने चढलेली उतरते आणि व्यसनही सुटतं म्हणे, आणि खाली कुठल्यातरी न्यूरोसायंटिस्टचा दाखला. बातमी खोटी असतेच असं नाही, फक्त संशोधनाचा मूळ पेपर, म्हणजे शोधनिबंध, उघडून तीन-चार गोष्टी बघायच्या.

त्याआधी मेंदूचं थोडं. गाबा हे मेंदूतलं ब्रेकचं रसायन. ते गाबा-ए रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या ठरलेल्या कुलपाला, चिकटलं की रिसेप्टरच्या मधली वाट उघडते, क्लोराइड आत शिरतं आणि ती पेशी गप्प बसते. दारू हा ब्रेक आणखी दाबते. रोज पिणाऱ्याचा मेंदू मग उलटी तयारी करून ठेवतो, ब्रेक ढिला करतो, म्हणून दारू एकदम बंद केली की हात थरथरतात, घाम फुटतो, कधी फिटसुद्धा येते.

आता उदाहरण घेऊ. होवेनिया नावाचं झाड आहे, चीनमध्ये शेकडो वर्षं दारूवरचा उतारा म्हणून वापरात. त्यातलं डायहायड्रोमायरिसेटिन हे द्रव्य घेऊन अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या जिंग लियांग आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये जर्नल ऑफ न्यूरोसायन्समध्ये पेपर छापला. पहिला प्रश्न, प्रयोग कुणावर? उंदरांवर, म्हणजे रॅटवर. दुसरा, किती आणि कसं दिलं? वजनाच्या किलोमागे 1 मिलिग्रॅम, पोटात इंजेक्शन. इथे बरेच जण घसरतात, कारण हेच द्रव्य तोंडावाटे घेतलं तर रक्तात फार थोडं पोचतं, तेव्हा गोळीच्या डबीवर तोच पेपर छापलेला असला तरी गोळीचा परिणाम तोच होईल असं धरून चालायचं नाही. आणि उंदराचा डोस आपल्या वजनाने गुणू नका, प्राणी बदलला की तो हिशोब बदलतो.

तिसरा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, "उतरली" हे मोजलं कसं? दारू दिलेल्या उंदराला उताणं ठेवतात आणि तो स्वतः पालथा व्हायला किती वेळ घेतो ते घड्याळ लावून बघतात, एवढंच. हे द्रव्य दिल्यावर तो वेळ बराच कमी झाला, जे खरंच भारी आहे, पण उंदीर लवकर उलटला म्हणजे त्याच्या रक्तातली दारू संपली असं होत नाही, आणि माणसाने तर या भरवशावर गाडीच्या चावीला हात लावूच नये. नशा, दुसऱ्या दिवशीचा हँगओव्हर, पिण्याची ओढ आणि लिव्हरचं नुकसान या चार वेगवेगळ्या गोष्टी, पेपरमध्ये त्यातली कुठली मोजलीय ते बघा, बातमीत सगळ्यांची खिचडी असते. कुडझू वेलीचंच घ्या, 2005 मध्ये अमेरिकेतल्या मॅक्लीन हॉस्पिटलमध्ये प्रयोग झाला तो माणसांवर, पण मोजलं काय तर लोक बिअर किती आणि किती सावकाश पितात ते. मंडळी कमी प्यायली. चढलेली उतरवण्याशी त्याचा संबंध नाही आणि माणसं तर अगदी मोजकी होती.

द्रव्य रिसेप्टरवर काम करतं असा दावा असेल तर तो रिसेप्टर अडवून बघितलंय का तेही शोधा. फ्लुमाझेनिल हे औषध गाबा-ए रिसेप्टरवरची एक ठराविक जागा अडवतं. उंदरांना ते दिल्यावर होवेनियाच्या द्रव्याचा परिणाम दबला, म्हणून ते त्याच जागेवर काम करतं असं म्हणायला आधार मिळतो. असा प्रयोगच नसेल तर "मेंदूच्या रिसेप्टरवर थेट काम करतं" हे वाक्य सोडून द्या.

झाडाचं म्हणजे निर्धोक, हे तर डोक्यातून काढाच. कावा ही वनस्पतीसुद्धा गाबाच्या वाटेनेच शांत करते, पण तिच्यामुळे लिव्हर बिघडल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, त्यात वरून दारू म्हणजे बघायलाच नको.

आणि घरातलं माणूस रोज पीत असेल तर काढ्याच्या जोरावर त्याची दारू एका दिवसात बंद करू नका. फिट, भास, बरळणं हे बहुतेक पहिल्या दोन-चार दिवसांत सुरू होतं आणि त्यात जीव जाऊ शकतो. आधी डॉक्टर गाठा, नाल्ट्रेक्सोनसारखी माणसांवर तपासलेली औषधं आहेत, ती चालतील का विचारा, आणि काढा किंवा गोळी आधीच सुरू केली असेल तर ती बाटली सोबत न्या, लेबलसकट.