थंडी जाईपर्यंत कोयती खुंटीलाच राहू द्या

नवीन आलेल्या प्रत्येक घरात माघ महिन्यात एकच बोलणं ऐकू येतं, "आता पाऊस नाही, उकाडा नाही, तेवढ्यात बाग साफ करून घेऊ." चौदा वर्षांपूर्वी आम्ही बार्शीहून दापोली तालुक्यात राहायला आलो, तेव्हा आमच्याही तोंडी हेच होतं. घरामागे पंधरा गुंठ्यांचं परसू. सहा माड, हापूसची चार कलमं, दोन रायवळ आंबे, एक फणस, सुपारीची एक ओळ आणि गडग्यालगत, म्हणजे दगडी कुंपणालगत, माजलेली करवंदा-घाणेरीची जाळी. पहिल्याच फेब्रुवारीत दोन गडी लावून ती जाळी तोडली, गळलेल्या पानांचा पातेरा गोळा करून पेटवला, पुढचं खळं आणि मागचं परसू सारखंच लख्ख केलं. शेजारच्या आजी गडग्यापलीकडून म्हणाल्या होत्या, "बाय, आता नको हात लावूस. थंडी जाऊ दे." मी ऐकलं नाही. तीन-चार दिवसांनी लक्षात आलं, फणसाखाली पानं उलटत फिरणारा केशरी डोक्याचा कस्तूर येईनासा झाला होता. पुढचे दोन हिवाळे तो आला नाही. त्याची रुखरुख मला अजून आहे. तुमच्या परसातला कस्तूर तरी टिकावा, म्हणून हे लिहिते आहे.

कोकणात थंडी नसते, हे घाटावर ऐकलेलं आधी विसरा. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत उत्तरेकडून गारठा उतरला की आमच्या पडवीतल्या तापमापकावर पहाटे १२-१३ अंश दिसतात, आणि त्याच दिवशी दुपारी ३१. आभाळ निरभ्र असतं, रात्री जमीन भराभर निवते आणि जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहू लागतो. दुपारी वारा उलटतो, खारा होतो. ही रोजची ये-जा अंगवळणी पडायला एक हिवाळा लागतो. इथे धुकट, दहिवराने भिजलेली सकाळ मिळेल, पण घाटावरच्या द्राक्षबागांना भीती असते तसलं कडाक्याचं हिव नाही. त्यामुळे मिरची-वांग्यावर रात्री चादरी घालायची गरज नाही. इथे रोपांना त्रास होतो तो दुपारच्या कोरड्या उन्हाचा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून सुपारीच्या कोवळ्या खोडांची नैर्ऋत्येची बाजू भाजते. तिथे माडाची झावळ बांधा. माडाच्या आळ्यात नारळाची सोडणं पालथी अंथरा. जांभ्याची जमीन पाणी धरत नाही, चार महिने धो धो कोसळलेला पाऊस दिवाळीपर्यंत खाली निघून गेलेला असतो. जी ओल आहे ती राखणं हेच या दिवसांतलं मोठं काम.

आता आंब्याचं, कारण नवीन माणूस सगळ्यात जास्त घाबरतो तो इथेच. हापूसला मोहर यायला थंडी लागते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. उशिरा आलेली थंडी काय करते, ते मात्र कुणी सांगत नाही. पहिल्या मोहराला वाटाण्याएवढी फळं धरलेली असतात. रात्री पुन्हा गारठल्या की त्याच फांद्यांवर नवा मोहर फुटतो, झाडाचं अन्न तिकडे वळतं आणि आधीची बारकी कैरी पिवळी पडून गळते. शिवाय थंडीत निघालेल्या मोहरात नर फुलं जास्त, फळ धरणारी संयुक्त फुलं कमी. म्हणजे झाड मोहराने भरलेलं दिसतं आणि खाली कैऱ्यांचा सडा. झाडाला रोग झाला समजून दुकानातून मिळेल ते औषध आणून मारू नका. आम्ही दुसऱ्या वर्षी एका विक्रेत्याच्या सांगण्यावरून भर मोहरात फवारणी केली. पुढचे आठ दिवस झाडाभोवती एकही माशी फिरकली नाही, आणि त्या वर्षी चार कलमांवर मिळून दोन पाट्या आंबे निघाले. आंब्याचं परागीभवन बरंचसं माश्यांच्या जिवावर चालतं. मोहरावर घोंघावणाऱ्या साध्या घरमाश्यासुद्धा तुमचंच काम करत असतात, सातेरी मधमाशी तर करतेच.

तुडतुडे वाढले तर पानांवर चिकट थर दिसेल, इथे त्याला 'खार पडला' म्हणतात. दहिवर आणि गारवा एकत्र आले की मोहरावर भुरीची पांढरी पूड धरते. अशा वेळी मोहराची डहाळी तोडून दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात दाखवा. १९७२ पासून हे विद्यापीठ इथल्याच आंब्या-काजूवर काम करत आलं आहे. पाण्याबाबतचा सल्लाही सोपा आहे: फळ वाटाण्याएवढं झालं की झाडाला दर पंधरा दिवसांनी १५० ते २०० लिटर, असं तीन-चार वेळा, आणि आळ्यात सुक्या गवताचं आच्छादन. आमची गळ त्यानेच कमी झाली.

हे सगळं करताना डोकं वर असू द्या. थंडीच्या दिवसांत मोहरलेल्या कलमाखाली सकाळी अर्धा तास उभं राहिलात तर सबंध परसाची ओळख होते. पानापानांत सतत हलणारा, बोटाएवढा, हिरवट वटवट्या दूर उत्तरेकडून आलेला पाहुणा असतो. गडग्याच्या जाळीतून जिभेने टाळी वाजवल्यासारखा 'टक्... टक्' आवाज येतो तो त्याच्याच भाऊबंदाचा, बोरू वटवट्याचा. तो दिसत नाही, नुसता ऐकू येतो. आमची जाळी तुटल्यावर तो आवाज गेला, तेव्हा कुठे मला जाळीची किंमत कळली. आता आम्ही गडग्याच्या आतल्या बाजूला चार हात रुंदीची जाळी मुद्दाम राखली आहे. करवंद, कुडा, थोडी घाणेरी. दयाळ तिच्यातूनच खळ्यात उतरतो, शेपटी उभारतो, किडा टिपतो आणि परत आत. लालबुड्या बुलबुल आणि तुऱ्याचा शिपाई बुलबुल दोघेही दिवसभर तिथेच. हळद्या मात्र वर, रायवळाच्या शेंड्याला. तोही थंडीपुरताच. पहिल्यांदा तो पिवळा रंग दिसला तेव्हा माझ्या सासूबाई हातातलं सूप खाली ठेवून कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या.

पक्ष्यांना दाणे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. या दिवसांत काटेसावर फुललेली असते, पांगारा फुलायच्या बेतात असतो, केळफुलं लोंबत असतात, किडे आहेत. खायला उणं नाही. शिळा भात टाकलात की कावळे येतील, मागोमाग वानरं येतील, आणि एकदा त्यांना तुमचं अंगण कळलं की शेवग्यापासून केळ्यांपर्यंत काही हाती लागणार नाही. टंचाई असते ती पाण्याची. ओहोळ आटत आलेले असतात. म्हणून पाणी ठेवा, आणि नीट ठेवा. आमच्याकडे जांभ्याची जुनी दोण होती, ती विहिरीजवळ लिंबाच्या फांदीखाली आणून ठेवली. खोली दोन बोटं, त्याहून जास्त असेल तर आत खडबडीत दगड टाका. गुळगुळीत प्लास्टिकच्या घमेल्यात पाय घसरतो, पक्षी कडेवरूनच परत जातात. मांजर दबा धरेल अशी दाट झुडपं पाच-सहा हात लांब हवीत. पाणी रोज ओतून घासून नवं भरायचं. आधी बुलबुल उतरतात, मग दयाळ, उन्हं चढल्यावर कोतवाल. शिंजीर सहसा दोणीत उतरत नाही, तो अळवाच्या किंवा केळीच्या ओल्या पानावर अंग घासून आंघोळ करतो. म्हणून मी सकाळी न्हाणीमागच्या अळवावर दोन तांबे पाणी शिंपडते. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी स्वर्गीय नर्तक येतो, फांदीवरून थेट पाण्यात सूर मारतो आणि लांब पांढरी शेपूट ओढत परत वर. रोज येत नाही. येतो तेव्हा घरात कुणी मोठ्याने बोलत नाही.

पातेऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न नाजूक आहे. थंडी सरता सरता गावात भाजावळ सुरू होते. भाताच्या तरव्याची, म्हणजे रोपं करायची, जागा शेण, कवळं (झाडांच्या तोडलेल्या फांद्या), पातेरा घालून भाजतात, आणि शेजारी तुमच्याकडचाही पातेरा मागायला येतील. द्यावा, शेजार टिकतो. पण फणसाखालचा आणि जाळीखालचा राखून ठेवा, कस्तुराचं आणि बेडकांचं पोट त्यावर आहे. दुसरीकडे वणव्याचं भय खरं आहे. फेब्रुवारीपासून डोंगरउतारावरचं गवत पेटतं आणि काजू-आंब्याची उभी बाग जळून जाते. म्हणून गडग्याच्या बाहेरच्या बाजूने दहा फुटांचा पट्टा अगदी मातीपर्यंत साफ ठेवायचा. आमच्याकडे आता कोयती आणि फावडं या दिवसांत तेवढ्याच पट्ट्यात चालतं.

कोयती उचलावी असं आणखी एक ठिकाण म्हणजे कलमावरचं बांडगूळ. फुलटोच्या त्याचं फळ खातो, चिकट बी फांदीला पुसून टाकतो आणि तिथे नवं बांडगूळ रुजतं. कलमाला ते शोषून घेतं, तेव्हा फांदीच्या थोड्या भागासह कापा. रायवळावरचं मी तसंच ठेवते. त्या नळीसारख्या फुलांवर जांभळे शिंजीर दिवसभर असतात.

भाजीपाल्याचं थोडक्यात: लाल माठ, मुळा, चवळी चालू राहतील, भेंडी-काकडीचं बी मात्र रात्री उबदार होईपर्यंत टाकू नका, गार मातीत ते नुसतं पडून राहतं. हळदीची पानं सुकली असतील तर खणून घ्या.

पक्षी पाहायला जंगलातच जायला हवं असं नाही. सालिम अली यांनी १९३० मध्ये याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीमला, घराजवळच्या सुगरणींची वसाहत पाहता पाहता उलगडून दाखवलं की नर अर्धवट घरटं बांधतो, मादीने पसंत केलं की ते पुरं करतो आणि मग दुसऱ्या घरट्याला, दुसऱ्या मादीकडे वळतो. तुम्ही एक साधी वही घाला. तारीख, पहाटेचं तापमान, कोण आलं, कुठे बसलं. फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो, भारतात २०१३ पासून होतो. किमान पंधरा मिनिटं एका जागी बसून मोजलेले पक्षी त्यात नोंदवता येतात. गावातल्या शाळेतली मुलं सोबत घ्या. त्यांना आवाजावरून ओळखू येणारे पक्षी मला इतक्या वर्षांनीही येत नाहीत.

फाल्गुनात एक दिवस पहाटे अंगावर गोधडी नकोशी होईल, वारा दमट वाटेल. तांबट दुपारभर ठोकत राहील. जाळीतला 'टक् टक्' आवाज आणखी काही आठवडे असेल, चैत्र संपताना तो थांबेल. थांबलेला दिवस वहीत लिहा, आणि खुंटीवरची कोयती त्यानंतर उतरवा.