मशीनवर गोधडी शिवायला बसण्याआधी

घरच्या मशीनवर गोधडी शिवायची म्हटलं की आधी नक्षीच डोळ्यांसमोर येते. कोयऱ्या काढू, नागमोडी काढू, चौकटी टाकू. माझं सांगणं असं की नक्षी सगळ्यात शेवटी ठरवा. आधी माप, मग कापड, मग आत काय घालायचं ते. ही तीन ठरली की कोणती नक्षी बसेल आणि कोणती नाही, हे वेगळं ठरवावं लागत नाही.

मापापासून सुरुवात करू. पहिल्यांदाच करत असाल तर बाळाचं दुपटं घ्या, 36 इंच चौरस किंवा थोडं मोठं. मशीनखाली ते सहज फिरतं आणि त्यात सगळे टप्पे शिकून होतात. एकेरी गोधडीसाठी 60 बाय 90 इंच पुरतं. ठिगळं 6 इंची धरा, म्हणजे कापताना साडेसहा इंची, कारण प्रत्येक बाजूला पाव इंच शिवणीत जातो. आडवी 10 आणि उभी 15, एकूण 150 तुकडे. 44 इंच पन्ह्यातून एका पट्टीत असे 6 तुकडे निघतात, म्हणजे 25 पट्ट्या, म्हणजे सव्वाचार मीटरच्या आसपास कापड. हा हिशेब वहीत मांडल्याशिवाय कात्री हातात घेऊ नका. दुहेरी पलंगाची गोधडी मात्र घरच्या मशीनवर पहिली म्हणून मुळीच घेऊ नका.

आता कापड. इथे घाई करायची नाही. गोधडी फाटते ती बहुतेक वेळा शिवण कच्ची म्हणून फाटत नाही, तर नवं आणि विरलेलं कापड शेजारी शेजारी जोडलेलं असतं म्हणून. धुताना नवं कापड ताण धरतं, जुनं सोडून देतं, आणि शिवणीच्या अगदी कडेने चिरा पडतात. म्हणून जुन्या साड्या काढल्यात की प्रत्येक साडी खिडकीसमोर उजेडात धरून पाहा. दाट दिसते तो भाग वरच्या थराला. जाळीसारखा उजेड येतो तो भाग आत. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून आडवा हलकासा ताण द्या. धागे सरकले किंवा बारीक कुरकुर ऐकू आली तर तो तुकडा वर वापरायचा नाही, कितीही आवडता असला तरी. पदर सहसा चांगला राहिलेला असतो. बसताना ताण येतो तो मागचा भाग आणि फॉलजवळची कड आधी विरते. फॉल उसवून काढा. जरीचे काठही काढा, ते अंगाला टोचतात आणि मशीनची सुई त्यावर बोथट होते.

सगळी कापडं सुती आणि साधारण एकाच जाडीची हवीत. दुकानातून आलेल्या किंवा कुणी दिलेल्या कापडाची खात्री नसेल तर दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळा. सुती धाग्याला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख पडते. टेरिकॉट, पॉलिस्टरची टोकाला कडक गाठ होते. असं कापड गरम इस्त्रीखाली आकसतं आणि शेजारच्या सुती तुकड्याला चुण्या पाडतं. जीनचं कापड घ्यायचं असेल तर पूर्ण गोधडीच जीनची करा. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात वापरून झिजलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या केल्या आणि 2002 साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या. त्या पाहिल्या की जाड कापडाला मोठे, साधे तुकडेच शोभतात हे पटतं.

सगळं कापड धुऊनच वापरायचं, नवंसुद्धा. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि ते आटणं गोधडीत झालं तर कायमच्या सुरकुत्या. लाल, गडद निळा, काळा, बाटिक आणि ठशाची छपाई वेगळी भिजवा. मिठाच्या पाण्यावर विसंबू नका. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुणं हाच खात्रीचा उपाय. शेवटी ओल्या तुकड्यावर पांढरं फडकं ठेवून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर डाग उमटला तर ते कापड या गोधडीत नको.

धुतल्यावर जुन्या साड्यांना खळ करा. जुनं सूत इतकं मऊ झालेलं असतं की कापताना सरकतं आणि चौकोनाचा पतंग होतो. तांदळाची पातळ पेज गाळून त्यात बुचकळा, सावलीत वाळवा, थोडी ओलसर असतानाच इस्त्री करा. कापड कागदासारखं उभं राहिलं की कापायला घ्या. एवढं एक काम नीट केलंत तर पुढची निम्मी कटकट संपते. गोधडी पूर्ण झाल्यावर मात्र ती एकदा धुवाच, खळीच्या वासाने कसर लागते.

आत काय घालायचं, ते हवेवर ठरवा. मुंबई-कोकणात एक जुनी सुती साडी पुरते, दमट हवेत जाड थर अंगावर नकोसा होतो. नाशिक, महाबळेश्वरकडे थंडी आहे, तिथे जुनी सोलापुरी चादर किंवा पातळ ब्लँकेट घाला. बाजारात पॉलिस्टरचं फायबर शीट मिळतं, ते जीएसएमवर, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम त्यावर विकतात. 100 च्या पुढे जाऊ नका, घरच्या मशीनच्या पायाखाली ते दबत नाही. पिंजलेला कापूस घालायची हौस असेल तर टिपा एक-दीड इंचावर टाकाव्या लागतील, नाहीतर पहिल्याच धुण्यात कापूस कोपऱ्यात गोळा होतो. साडी किंवा चादर आत असेल तर दोन-तीन इंचांचं अंतर चालतं. बघा, नक्षी किती दाट हवी ते इथेच ठरलं.

खालच्या थरासाठी माझा आवडता हिशेब सांगते. अस्तर वरच्या थरापेक्षा चारी बाजूंनी चार-चार इंच मोठं हवं, म्हणजे 68 बाय 98. साडेपाच मीटरची साडी मधोमध कापली की प्रत्येकी सुमारे 108 इंचांचे दोन तुकडे होतात. ते लांबीने जोडले की रुंदी 88 इंचांच्या पुढे जाते. एका साडीत एकेरी गोधडीचं अस्तर होऊन वर पट्टी उरते. जोड मधोमध येऊ देऊ नका, एका बाजूला घ्या. घडी नेहमी मधोमध पडते, जोडावर पडली तर तिथेच आधी झिजते.

कापायला धारदार कात्री, फक्त कापडासाठी राखलेली. रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा) आणि त्याखाली ठेवायची मॅट असेल तर काम झपाट्याने होतं, पण पुठ्ठ्याचा साचा आणि साबणाची पातळ चिप यांवरही उत्तम भागतं. साचा कापडाच्या उभ्या धाग्याला धरून ठेवा. तिरका कापलेला तुकडा इस्त्रीखाली ताणला जातो.

आता मशीन. तेल घाला, रद्दी कापडावर पाच मिनिटं चालवून जादा तेल काढा, शटलमधला कापसाचा भुगा ब्रशने झाडा. सुई नवी घाला: तुकडे जोडायला 14 नंबर, तीन थर शिवायला 16. घरात वर्षानुवर्षं पडलेली रिळं वापरू नका. हातभर दोरा घेऊन झटका द्या, सहज तुटला तर कच्च्या टाक्यासाठीसुद्धा तो कामाचा नाही. तुकडे जोडताना टाका इंचाला दहा-बारा, थर शिवताना इंचाला आठ-नऊ. टेप लावून मोजा, मशीनवरच्या आकड्यावर जाऊ नका.

पाव इंचाची शिवण हा या कामाचा प्राण आहे, आणि मशीनच्या पायाची कड सुईपासून बरोबर पाव इंचावर असेलच असं नाही. सुई खाली घेऊन टोकापासून उजवीकडे पाव इंच मोजा आणि तिथे प्लेटवर चिकटपट्टीचे चार-पाच थर एकावर एक लावून छोटा बांध करा. मग अडीच इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडा, इस्त्री करा, मोजा. एकूण रुंदी साडेसहा इंच आणि मधली पट्टी नेमकी दोन इंच भरली पाहिजे. भरली नाही तर बांध सरकवा आणि पुन्हा करा. दोराभर फरकाने काय होतंय असं वाटतं, पण शिवण एक सोळांश इंचाने जास्त गेली तर दोन्ही तुकडे मिळून प्रत्येक जोडाला एक अष्टमांश जातो, आणि दहा तुकड्यांच्या ओळीत नऊ जोड असतात. ओळ इंचाहून जास्त आखूड होते. शेजारची ओळ बरोबर आली असेल तर दोघी जुळणार कशा?

इस्त्री जवळच मांडून ठेवा. ती फिरवायची नाही, उचलून दाबायची. पहिल्या ओळीतले शिवणीचे पदर उजवीकडे, दुसऱ्या ओळीतले डावीकडे दाबले की ओळी जोडताना ते एकमेकांना अडतात आणि चौकटीचे कोपरे नेमके भिडतात. बोटांना ते जाणवतं, टाचणीही लागत नाही.

थर एकत्र करायला मोकळी फरशी हवी. दोन फुटी फरशीचे सांधे सरळ रेघ म्हणून उपयोगी पडतात. अस्तर उलट बाजू वर करून पसरा, कडा चिकटपट्टीने फरशीला लावा. ताठ हवं, ताणलेलं नको. त्यावर आतला थर, त्यावर वरचा. आता कच्ची शिलाई किंवा सेफ्टी पिना. चार-चार इंचांवर पिना लावायच्या तर या मापाला साडेतीनशेच्या घरात लागतात, म्हणून मी कच्चा टाकाच घालते, मधून बाहेर, मूठभर अंतरावर, पांढऱ्या दोऱ्याने. रंगीत दोऱ्याचा कण आत अडकला की दिसत राहतो.

आणि मग नक्षी. आपली हातची गोधडी कडेने सुरू होते आणि चौकटीत चौकट करत मध्ये येते. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायकांची कवंदही कडेपासूनच आत जाते. हाताने ते जमतं, कारण प्रत्येक टाक्याला कापड बोटांनी सारता येतं. मशीनला ते जमत नाही. कडा आधी बंद झाल्या की सैल कापड मध्ये साचतं आणि तिथे चुणी शिवली जाते. म्हणून मशीनवर मधून सुरुवात करा. 60 इंच रुंदीत मधून सुरुवात केली तर उजवीकडचा 30 इंचांचा भाग गुंडाळून मशीनच्या हाताखालून न्यावा लागतो, आणि घरच्या मशीनला तिथे सहा-सात इंचांचीच जागा असते. आतला थर पातळ निवडायला सांगितला तो यासाठीही.

सरळ किंवा तिरक्या रेघा टाकणार असाल तर वॉकिंग फूट आणा, म्हणजे वरचा आणि खालचा थर सारखाच पुढे सरकवणारा पाय. त्याचा छोटा दांडा सुईच्या स्क्रूवर बसवायचा असतो, तो बसला नाही तर फूट नुसतंच पडून राहतं. मशीनचा आत्ताचा पाय काढून दुकानात बरोबर न्या, मापाचा घोळ होत नाही. नागमोडी, वेल, कोयऱ्या अशा मुक्त नक्षीसाठी डार्निंग फूट (कापड हाताने हवं तसं फिरवू देणारा पाय), आणि कापड पुढे सरकवणारे दाते खाली. जुन्या काळ्या मशीनचे दाते खाली जात नसतील तर त्यावर छिद्र पाडलेलं जुनं प्लॅस्टिक कार्ड चिकटवा आणि टाक्याचं माप शून्यावर आणा. ज्यांनी रिंग लावून मशीनवर भरतकाम केलंय त्यांचा हात यात लगेच बसतो. हाताने चाक फिरवायच्या मशीनवर मात्र ही नक्षी शक्य नाही, दोन्ही हात कापडावर लागतात; पायमशीन किंवा मोटर हवी.

मुक्त नक्षी आधी वहीत पेन न उचलता काढा, पानंच्या पानं. जिथे पेन अडतं तिथे मशीनही अडणार. ठिपक्यांच्या रांगोळीचे नमुने यासाठी उत्तम आहेत, कारण पुष्कळ रेघा न तुटता फिरतात. नक्षी सगळीकडे सारखी दाट ठेवा. मध्ये दाट आणि कडेला विरळ केली तर कडा झालरीसारख्या लहरतात. रेघा आखायला साबणाची चिप किंवा टेलर चॉक. पाण्याने जाणारं निळं पेन वापरलं तर धुण्याआधी इस्त्री लावू नका, रेघ पक्की बसते.

मशीनच्या डावीकडे आणि मागे टेबल किंवा खुर्च्या लावा, गोधडीचं वजन लोंबता कामा नये. वजनाने ओढ बसली की टाके लहान-मोठे होतात आणि सुई मोडते. आठ-दहा बॉबिन आधीच भरून ठेवा. काठाची पट्टी आत्ताच कापा: परीघ 300 इंच, कोपरे आणि जोड धरून 312 तरी, म्हणजे अडीच इंच रुंदीच्या आठ पट्ट्या. सरळ कडांना उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या पट्टीची गरज नाही, गोल कोपरे केलेत तरच.

सगळं तयार झालं की त्याच कापडाचा, त्याच आतल्या थराचा फूटभर नमुना करा आणि त्यावर टीप मारून पाहा. खालचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसला तर वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, सैल करा. वरचा दोरा खाली आडवा पडलेला दिसला तर आवळा, त्याआधी दोरा नीट ओवलाय का तेही बघा. जमलं की नमुन्यावरच पेनने सुईचा नंबर, टाक्याचं माप आणि टेन्शनचा आकडा लिहून तो मशीनच्या खणात ठेवा, आणि मधला कच्चा टाका जिथे सुरू होतो तिथे सुई उतरवा.