सांगली जिल्ह्यात घराण्याचा माग कसा काढाल

आधी आपलं गाव १९४८ पूर्वी कुणाच्या राज्यात होतं ते बघा. आम्ही तासगावचे, म्हणजे इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यातले. आईचं माहेर आटपाडी, ते औंध संस्थानात. सांगलीत पटवर्धनांचं राज्य. आजचा जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून झाला, सांगली हे नाव १९६० चं. त्यामुळे पणजोबांच्या दाखल्यावर सातारा दिसलं तरी माणूस तोच असू शकतो.

मग तहसील कचेरीत नकलांचा अर्ज करा. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूसाठी. आणि जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी. फेरफार मला फार मोलाचे वाटतात. खातेदार मयत झाला की वारसांची नोंद होते, त्यात कधी विधवेचं, कधी लेकींचं नाव येतं. वंशावळीत कुणी न लिहिलेल्या या बायका मला तिथेच भेटल्या. नोंद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या, अंदाजाने नावं लावू नका. इसवी सन काढायला फसली, म्हणजे जुन्या महसुली सालात ५९० मिळवा, शकात ७८. एखाद्या वर्षाचा फरक पडतो.

शाळेच्या जनरल रजिस्टरचा उताराही घ्या. त्र्यंबकेश्वरला गेलात तर तीर्थोपाध्यायांना गाव आणि आडनाव सांगून वंशावळीच्या वह्या बघायला मागा. घरात म्हातारी आत्या असेल तर अर्जाआधी तिच्यापाशी बसा.