पुण्यात ट्यून केलेली टर्बो गाडी जानेवारीत स्पितीला नेताना

कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी उणे तापमानात सुरू होईल, चालेल आणि टिकेल याचा विचार ती घडवणाऱ्यांनी केलेला असतो. रात्रभर गोठवलेल्या चाचणीकक्षात तिचे मॉडेल कोणीतरी सुरू करून पाहिलेले असते. आपण नंतर बसवलेला मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारा), उघडा एअर फिल्टर, ऑइल कॅच कॅन (इंजिनातल्या वायूसोबत येणारे ऑइल अडवणारा डबा) आणि एप्रिलच्या दुपारी लॅपटॉप जोडून लिहिलेला रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले बदललेले सॉफ्टवेअर, यांची अशी परीक्षा कोणीही घेतलेली नसते. म्हणून थंडीच्या प्रवासाची यादी करताना मी संपूर्ण गाडीपासून सुरुवात करत नाही. आधी बदललेल्या भागांची यादी करतो आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहितो: उणे पंधराला याचे काय होईल? पुढील मजकूर फियाटच्या रांजणगाव कारखान्यात बनलेल्या १.४ लिटर टी-जेट पेट्रोल गाडीला धरून लिहिला आहे, आणि प्रवास शिमला, रामपूर, रिकाँगपिओ, ताबोमार्गे स्पितीतल्या काझापर्यंतचा आहे, कारण हिवाळ्यात कुंझूम खिंड बंद असते आणि मनालीकडून काझाला जाता येत नाही.

निघण्याच्या दीड महिना आधी ट्यूनरकडे, म्हणजे रिमॅप करून देणाऱ्याकडे, जावे. थंड हवा दाट असते आणि तिच्यासोबत इंजिनाला पेट्रोलही जास्त लागते, हे सर्वांना ठाऊक असते. किती जास्त, हे मात्र कागदावर मांडून पाहावे. दाब तितकाच राहिला तर ३६ अंशांच्या हवेपेक्षा ४ अंशांची हवा सुमारे ११ टक्के दाट असते. एप्रिलमध्ये पूर्ण थ्रॉटलला इंजेक्टर (पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या) ८८ टक्के वेळ उघडे राहत असतील, तर या हवेत त्यांच्याकडे ९८ टक्क्यांची मागणी होते, म्हणजे हाताशी शिल्लक काही उरतच नाही. अशा वेळी फ्यूएल पंप थोडा जरी थकलेला असला तरी मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि ते नेमके सर्वाधिक बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) असताना कमी पडते. स्पितीला जाणारे सगळे काझाच्या थंडीला घाबरतात, पण माझ्या मते ट्यून केलेल्या इंजिनाला खरा धोका त्याच्या कितीतरी आधी, अंबाल्याच्या आसपास असतो. तिथे जानेवारीच्या सकाळी तापमान चार-पाच अंश, उंची जेमतेम पावणेतीनशे मीटर, समोर रुंद महामार्ग आणि धुके विरल्यावर वेळ भरून काढण्याची घाई, असे सगळे एकत्र येते.

मोकळा डाऊनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) बसवलेला असेल तर आणखी एक तपासणी आवश्यक आहे. टर्बोच्या आतले वेस्टगेट, म्हणजे जादा एक्झॉस्ट वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, लहान असते; एक्झॉस्ट मोकळा झाल्यावर त्याला सर्व वायू वळवून देणे जमत नाही आणि बूस्ट ठरवलेल्या मर्यादेच्या वर सरकत जाते. उन्हाळ्यात ही गोष्ट लपून राहते आणि थंडीत उघडी पडते. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा त्याच वेळी डायनोवर (गाडी जागीच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) गाडी चढवून बूस्ट, हवा-इंधन प्रमाण आणि नॉकिंग (पेट्रोलचा अवेळी भडका) यांचा डेटालॉग, म्हणजे सलग नोंद, घ्यावा. गॅरेजवाल्याला पहाटे सहाला शटर उघडायला लावणे हे या यादीतले सर्वांत अवघड काम आहे, हे मान्य. तरीही दुपारी घेतलेल्या डेटालॉगवर समाधान मानू नये.

उंचीवर गणित उलटते. काझा सुमारे ३,७०० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब पुण्याच्या दोन तृतीयांश असतो. मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा पुरवणाऱ्या नळ्यांत) १.९ बार एकूण दाब ठेवायचा असेल तर पुण्यात टर्बोला बाहेरची हवा दुप्पट दाबावी लागते, काझात तिप्पट. मूळ सॉफ्टवेअर बाहेरचा दाब पाहून मागणी कमी करते आणि टर्बोला जपते. रिमॅप करताना ही मर्यादा कोणी सैल तर केलेली नाही ना, हे ट्यूनरला थेट विचारावे, कारण लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरत असतो आणि त्याच्यावर आणखी वेग लादणे परवडत नाही. ९५ किंवा १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर लिहिलेली रिमॅपची फाइल असेल तर ९१ ऑक्टेनसाठी सौम्य फाइल वेगळी करून घ्यावी. काझाच्या पंपावर साधे पेट्रोलच मिळेल असे गृहीत धरावे. मी ती फाइल पुण्यातच चढवतो आणि परत येईपर्यंत काढत नाही. बर्फाच्या रस्त्यावर जादा अश्वशक्तीचा उपयोग चाक जागच्या जागी फिरवण्यापलीकडे नसतो.

ऑइलकडे वळू. हौशी मंडळी उन्हाळ्यातल्या ट्रॅक डेसाठी १०डब्ल्यू-६० भरतात आणि तेच वर्षभर चालवतात. १०डब्ल्यू श्रेणीच्या ऑइलमध्ये इंजिन फिरवता येण्याची चाचणी उणे २५ अंशांवर घेतली जाते, ५डब्ल्यूची उणे ३० वर आणि ०डब्ल्यूची उणे ३५ वर. काझाची रात्र उणे वीसच्या खाली जाऊ शकते हे लक्षात घेतले, तर ५डब्ल्यू-४० हे किमान आणि ०डब्ल्यू-४० अधिक चांगले. निघण्याच्या आठवड्यात ऑइल व फिल्टर दोन्ही बदलावे. गाडीला वेगळा ऑइल कूलर बसवलेला असेल आणि त्याच्या जोडणीत थर्मोस्टॅट नसेल, तर थंडीत ऑइल साठ अंशांपर्यंतही चढत नाही. अशा वेळी थर्मोस्टॅट असलेली प्लेट बसवावी, निदान कूलरसमोर जाड पुठ्ठा बांधावा आणि परतीच्या उतारावर तो न विसरता काढावा. ऑइलच्या तापमानाचा स्वतंत्र काटा हा या संपूर्ण तयारीतला सर्वांत उपयोगी खर्च आहे. डॅशबोर्डवरचा कूलंटचा काटा मध्यावर आला की गाडी तापली असे आपण समजतो, पण त्या क्षणी ऑइल पन्नास अंशांवरही नसते.

कॅच कॅनविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे मी स्वतः फसलो आहे. क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या पोकळीतून) येणाऱ्या वायूत पाण्याची वाफ असते. उबदार हवेत ती कॅच कॅनमध्ये ऑइलसोबत साचते आणि महिन्यातून एकदा ओतून टाकली की काम भागते. ताबोला उणे चौदाच्या सकाळी मी बॉनेट उघडले तेव्हा डिपस्टिक जागेवरून बोटभर वर उचललेली होती आणि तिच्याभोवती ऑइलचे शिंतोडे होते. कॅच कॅनकडे जाणारा रबरी होस दाबला तर दबेना, काठीसारखा कडक. काढून दगडावर आपटला तेव्हा आतून दुधी-पिवळट बर्फाचे तुकडे पडले. वायूला बाहेर पडायला वाट उरली नव्हती आणि तो दाब मिळेल त्या सीलमधून, डिपस्टिकच्या नळीतून वाट काढत होता. असा दाब वाढला की टर्बोमधून खाली येणारे ऑइलही सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइल टाकीत) नीट उतरत नाही आणि टर्बोच्या सीलमधून एक्झॉस्टमध्ये जाऊ लागते. मागून निळा धूर दिसला की टर्बो गेला असे समजून माणूस घाबरतो, दोष मात्र वीतभर गोठलेल्या होसचा असतो. ज्याने कॅच कॅन बसवून दिला त्याने तो पुढच्या बंपरमागे, थेट वाऱ्यात बसवला होता, आणि मीही त्याला विचारले नव्हते. आता हिवाळ्यात कॅच कॅन काढून मूळ जोडणी पूर्ववत करतो. ज्यांना तो ठेवायचाच आहे त्यांनी तो इंजिनाच्या उबेत घ्यावा, होसवर फोमचे आवरण चढवावे आणि दररोज मुक्कामी पोचल्यावर, इंजिन गरम असतानाच, रिकामा करावा. वेस्टगेट आणि डंप व्हॉल्व्हकडे (थ्रॉटल सोडल्यावर साचलेला बूस्ट सोडून देणाऱ्या झडपेकडे) जाणाऱ्या बारीक नळ्यांतही पाणी साचून गोठू शकते, आणि वेस्टगेटची नळी गोठली तर बूस्टला कोणी अडवणाराच राहत नाही. या नळ्या जुन्या असतील तर सगळ्या बदलाव्यात. त्यांची किंमत फारशी नसते.

कूलंट निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी असे असले तर साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. आपल्याकडे मात्र पातळी कमी झाली की नळाचे पाणी ओतण्याची सवय असल्याने डब्यात काय उरले आहे ते रंगावरून कळत नाही, रिफ्रॅक्टोमीटरने (कूलंटच्या थेंबावरून ग्लायकॉलचे प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाने) मोजावे. सिलिकॉनचे रंगीत होस बसवले असतील तर त्यांच्या क्लिपा पाहाव्यात. सिलिकॉन आणि त्याखालची धातूची नळी थंडीत सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, त्यामुळे स्क्रूने आवळलेली क्लिप रात्रीत सैल पडते आणि सकाळी गाडीखालच्या बर्फावर गुलाबी थेंबांचे वर्तुळ दिसते, इंजिन तापले की गळती थांबते. स्प्रिंगचा ताण कायम ठेवणाऱ्या क्लिपा लावल्या की हा त्रास संपतो.

रिमॅपसोबत एक श्रेणी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, स्पार्क प्लग लावलेले असतात. ते गोठलेल्या सकाळी पेट्रोलने भिजून काळे पडतात आणि गाडी सुरू होत नाही. सौम्य फाइल चढवली की मूळ श्रेणीचे प्लग लावावेत आणि एक जादा संच, प्लग पाना व एक इग्निशन कॉइल डिकीत ठेवावी. या मॉडेलचे उत्पादन बंद झालेले असल्याने रिकाँगपिओला किंवा काझाला यातले काही मिळण्याची आशा ठेवू नये. वजन वाचवण्यासाठी लहान बॅटरी बसवली असेल तर मूळ आकाराची परत आणावी. उणे १८ अंशांना लेड-ॲसिड बॅटरीचा जोर जवळपास निम्म्यावर येतो आणि नेमक्या त्याच वेळी घट्ट झालेले ऑइल स्टार्टरकडून जास्त जोर मागत असते.

उघडा एअर फिल्टर काढून मूळ एअर बॉक्स बसवावा. उघडा फिल्टर उडालेला भुरभुरीत बर्फ ओढून घेतो, तो वितळतो आणि पुन्हा गोठतो. बंपरच्या खालच्या कडेपर्यंत नेलेला इनटेक तर चिखलमिश्रित बर्फाच्या डबक्यात थेट पाणी पिऊ शकतो. गाडी खाली बसवली असेल तर ती मूळ उंचीवर आणावी आणि इंजिनाखाली धातूचा गार्ड लावावा. पुढच्या चाकांवर बर्फाची साखळी पुण्यातच, घरासमोर चढवून पाहावी, कारण रुंद टायर आणि जाड सस्पेन्शन असलेल्या गाडीत साखळीला जागाच नसते, आणि ते बोटे बधिर झालेली असताना कळून उपयोग नाही. टायरच्या हवेची मात्र इथे एक गंमत आहे. थंडीने दाब घटतो, पण उंचीवर बाहेरचा दाबही घटलेला असल्याने पुण्यात ३० अंशांना ३३ पीएसआय भरलेले टायर काझात उणे दहाला गेजवर एकतीस-बत्तीस दाखवतात. अंबाल्याच्या थंड सकाळी मात्र हाच आकडा अठ्ठावीसच्या आसपास दिसतो आणि हवा तिथेच भरावी लागते.

कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत तडजोड नको. बदललेल्या एक्झॉस्टचा प्रत्येक सांधा गाडी लिफ्टवर घेऊन, इंजिन थंड असतानाच सुरू करून, गळतीसाठी तपासावा. सांध्याभोवती काजळीची रेघ दिसली तर गॅस्केट बदलावे. वाटेत बर्फात अडकल्यास उबेसाठी इंजिन चालू ठेवण्याआधी मागचा पाइप हाताने मोकळा करावा, पुन्हा बर्फ साचत नाही ना ते पाहत राहावे, एक काच बोटभर खाली ठेवावी आणि इंजिन चालू ठेवून झोपू नये. बॅटरीवर चालणारा लहान डिटेक्टर सोबत असावा.

डिझेल टर्बोवाल्यांसाठी दोनच गोष्टी. साधे डिझेल थंडीत मेणासारखे साकळते. २०१९ पासून लडाखसारख्या भागांसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल उपलब्ध झाले आहे, तेच वर पोचल्यावर भरावे आणि त्यासाठी खालचे डिझेल टाकीत कमीत कमी उरेल असे पाहावे. डिझेलमध्ये केरोसीन मिसळण्याचा ट्रकवाल्यांचा सल्ला कॉमन रेल (एकाच नळीतून उच्च दाबाने डिझेल पुरवणाऱ्या आधुनिक) इंजिनासाठी घातक आहे, कारण त्याचा उच्च दाबाचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो.

मुक्कामावरचा सकाळचा क्रम असा ठेवावा. रात्री हँडब्रेक न लावता गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकामागे दगड लावलेला असावा. सकाळी गाडीखाली पाहावे, डिपस्टिक जागेवर आहे की नाही ते पाहावे, मग इग्निशन देऊन पेट्रोल पंपाचा आवाज थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबावे आणि क्लच दाबून, ॲक्सिलरेटरला न शिवता, स्टार्टर द्यावा. दहा सेकंदांत इंजिन लागले नाही तर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करावा. लागल्यावर अर्धा तास उभी ठेवून तापवणे चुकीचे आहे, कारण थंड इंजिनात घातलेले जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. एक-दोन मिनिटांनी निघावे, अडीच हजार आरपीएमच्या आत राहावे, आणि ऑइल ७५ ते ८० अंशांवर येईपर्यंत बूस्टचा काटा शून्याच्या वर जाऊ देऊ नये. ताबोहून निघताच चढ लागला की हे पाळणे कठीण जाते. तिथे खालच्या गिअरमध्ये, मागच्या टॅक्सीला पुढे जाऊ देऊन, सावकाश चढावे.

परत आल्यावर ऑइल किती किलोमीटर चालले याचा हिशेब न करता ते बदलावे. डिपस्टिक नाकाजवळ धरली की पेट्रोलचा वास येतोच. जुनी फाइल, थंड प्लग आणि कॅच कॅन मी मार्चपर्यंत खोक्यातच ठेवतो.