एकाच सोर्समधून दर वेळी तीच बायनरी: बिल्ड भरवशाचा कसा करावा

२९ मार्च २०२४ रोजी प्रोग्रामर आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड युटिल्स या कॉम्प्रेशनच्या साधनांमधला बॅकडोअर, म्हणजे मुद्दाम ठेवलेली चोरवाट, उघड केला. एसएसएचने (दूरच्या मशीनवर जायच्या पद्धतीने) लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते त्याच्या मुळाशी गेले. आवृत्त्या होत्या ५.६.० आणि ५.६.१. पण कोडचा इतिहास ठेवणारी गिट रिपॉझिटरी कितीही बारकाईने वाचली असती तरी सगळा डाव दिसला नसता. घातकी कोड टेस्टच्या फाइलींत दडवला होता आणि बिल्डच्या, म्हणजे सोर्सपासून बायनरी बनवण्याच्या, वेळी तो बाहेर काढणारी एम४ स्क्रिप्ट फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (प्रकाशनासाठी बांधलेल्या फाइलींच्या गठ्ठ्यात) होती. लोक वाचत होते तो सोर्स एक, पॅकेज बनत होतं ते दुसऱ्यातून.

ओपन सोर्सवरचा आपला सगळा विश्वास याच सांध्यावर उभा आहे: वाचलेला कोड आणि चालणारी बायनरी. हा सांधा तपासायचा तर तोच सोर्स दोन वेगळ्या ठिकाणी बिल्ड करायचा आणि निकाल बाइट न् बाइट सारखा येतो का ते पाहायचं. डेबियन या लिनक्स वितरणाच्या धोरणात २०१७ पासून ही अपेक्षा लिहिलेली आहे. खाली लिनक्सवरचा साधा सी प्रकल्प डोळ्यासमोर ठेवून पायऱ्या देतोय. छोट्या प्रकल्पाला सहज झेपेल असंच हे काम आहे.

१. आधी दोनदा बिल्ड करा

एकच कमिट (गिटमध्ये नोंदवलेली कोडची एक अवस्था) दोन डिरेक्टऱ्यांमध्ये क्लोन करा. त्यांची नावं मुद्दाम वेगळ्या लांबीची ठेवा. दोन्हीकडे बिल्ड करून एसएचए-२५६ बेरजा (फाइलच्या मजकुरावरून निघणारे ठसे) ताडून पाहा. पहिल्या खेपेला त्या बहुधा जुळणार नाहीत. मग डिफोस्कोप चालवा. पॅकेजच्या आतलं टार, त्यातली बायनरी, तिच्यातला विभाग असं उलगडत जाऊन नेमका फरक कुठे आहे ते हे साधन दाखवतं. रिप्रोटेस्ट त्यापुढे जातं: घड्याळ, टाइमझोन, लोकेल, यूजरचं नाव वगैरे स्वतःच बदलून दुसरा बिल्ड करतं. अंदाजाने दुरुस्त्या करत बसू नका, डिफोस्कोप जे दाखवेल तेवढंच दुरुस्त करा.

२. वेळ

सर्वांत जास्त फरक इथून येतात, म्हणून इथे सावकाश काम करा.

कोडमध्ये डेट आणि टाइम हे मॅक्रो शोधा, कंपायलर त्यांच्या जागी बिल्डची तारीख आणि वेळ भरतो. बहुतेक वेळा ते आवृत्ती छापणाऱ्या ओळीत सापडतात. ती तारीख काढा आणि तिथे कमिटचा हॅश (त्याच्या मजकुरावरून निघणारी ओळख) टाका. बग नोंदवणाऱ्याकडून तुम्हाला हवा असतो तो हॅशच. तारीख काढणं शक्य नसेल तर सोर्स-डेट-इपॉक हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वापरा (मूळ नावात शब्दांमध्ये अंडरस्कोअर असतो). त्यात १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद असतात, आणि जीसीसी या कंपायलरच्या ७ व्या आवृत्तीपासून पुढे हे दोन्ही मॅक्रो त्याप्रमाणे चालतात. किंमत म्हणून गिटकडून शेवटच्या कमिटची वेळ घ्या. शून्य देऊ नका. झिपमध्ये १९८० पूर्वीची तारीख बसतच नाही आणि पायथनचं झिप मॉड्यूल तिथे एरर देतं.

झिपची आणखी एक खोड आपल्याकडे हमखास आडवी येते. फाइलची मूळ वेळ त्यात स्थानिक घड्याळाप्रमाणे लिहिली जाते, टाइमझोन सोबत जात नाही. पुण्यातल्या लॅपटॉपवर आणि यूटीसीवर चालणाऱ्या सीआय मशीनवर (बदल आला की आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या) एकाच फाइलची नोंद साडेपाच तासांनी वेगळी पडते. बिल्ड स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच टीझेड व्हेरिएबल यूटीसी करून टाका.

३. क्रम, लोकेल आणि पाथ

मशीन मराठी लोकेलवर (भाषा आणि प्रदेशाच्या सेटिंगवर) असेल तर डेट कमांड महिन्याचं नाव ‘फेब्रुवारी’ असं देवनागरीत छापते. कॉन्फिगरच्या स्क्रिप्टने ते उचलून हेडरमध्ये घातलं की बायनरी बदलली. सॉर्टचंही तसंच आहे. सी लोकेलमध्ये इंग्रजीची सगळी कॅपिटल अक्षरं आधी येतात, बहुतेक इतर लोकेलमध्ये लहानमोठी मिसळून लागतात. एलसी-ऑल हे व्हेरिएबल सी ठेवलं की दोन्ही प्रश्न मिटतात.

बिल्डची कामं चालवणाऱ्या ग्नू मेकच्या वाइल्डकार्डने मिळणाऱ्या फाइलींचा क्रम ३.८२ आवृत्तीपासून ठरलेला राहिला नव्हता, ४.३ मध्ये तो परत आला. कुणाकडे कोणतं मेक आहे हे तुमच्या हातात नाही, म्हणून यादी नेहमी सॉर्ट फंक्शनमधून काढा. असर्टच्या संदेशांत आणि डीबग माहितीत तुमच्या होम डिरेक्टरीचा पाथ जातो. त्यासाठी जीसीसी ८ पासून फाइल-प्रीफिक्स-मॅप हा पर्याय आहे.

४. टारबॉल

ग्नू टारला फाइली नावाने लावायला सांगा, सगळ्यांची वेळ इपॉकवरून द्या, मालक आणि ग्रुप शून्य करा. जीझिपला एन पर्याय द्या, नाहीतर मूळ फाइलचं नाव आणि वेळ हेडरमध्ये जाऊन बसते.

एक्सझेडच्या प्रकरणानंतर माझ्या मते याला पर्याय उरलेला नाही: रिलीजचा टारबॉल कुणाच्याही लॅपटॉपवर बनवू नका. तो सीआयने टॅगवरून (कमिटला दिलेल्या आवृत्तीच्या नावावरून) बनवावा, आणि स्क्रिप्ट रिपॉझिटरीतच ठेवावी, म्हणजे कुणालाही घरी तोच टारबॉल बनवून ताडता येईल. टॅगमध्ये नसलेली प्रत्येक फाइल कुठून आली, याचं उत्तर त्या स्क्रिप्टमध्ये असलंच पाहिजे.

५. बाहेरून येणारं सगळं खिळवून टाका

टॅग हलवता येतो, हॅश हलवता येत नाही. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सच्या चेंज्ड-फाइल्स या गिटहब ॲक्शनचे (सीआयमध्ये वापरायच्या तयार पायरीचे) टॅग हल्लेखोरांनी घातकी कमिटकडे वळवले, आणि ती वापरणाऱ्या प्रकल्पांची गुपितं बिल्डच्या लॉगमध्ये छापली जाऊ लागली. २३,००० हून जास्त रिपॉझिटऱ्या ती ॲक्शन वापरत होत्या. पूर्ण कमिट हॅश लिहिलेल्यांना टॅग हलल्याचा फटका बसला नाही. कंटेनरची इमेजही ‘लेटेस्ट’वर न ठेवता डायजेस्टने (तिच्या हॅशने) लिहा, आणि लॉक फाइल (वापरलेल्या लायब्रऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) कमिट करा.

गिटहब टॅगवरून आपोआप बनवतं त्या आर्काइव्हच्या बेरजेवर मात्र विसंबू नका. ३० जानेवारी २०२३ रोजी तिथे गिटची नवी आवृत्ती आली, तिची कॉम्प्रेशनची पद्धत वेगळी होती, बेरजा बदलल्या आणि जगभरचे बिल्ड बंद पडले. आतला कोड जसाच्या तसा होता. गिटहबने बदल मागे घेतला. रिलीजला स्वतंत्र जोडलेली फाइल घ्या किंवा कमिट क्लोन करा.

६. कधी होतो, कधी होत नाही असा बिल्ड

अशा वेळी ‘पुन्हा चालवा’ बटण दाबायची सवय प्रकल्पाचं फार नुकसान करते. लाल खूण दिसली तरी कुणी दखल घेत नाही, आणि एक दिवस खरा बग तिच्याआड निघून जातो. समांतर बिल्डमध्ये असं झालं तर बहुधा मेकफाइलमध्ये एखादी डिपेंडन्सी (कोणतं काम कशाच्या आधी व्हायला हवं ते) लिहायची राहिलेली असते. हेडर तयार व्हायच्या आधीच कंपायलर ते मागतो. मेक ४.४ मध्ये शफल पर्याय आहे. तो कामांचा क्रम विस्कटून चालवतो आणि बिल्ड पडला की कोणत्या सीडने (तो क्रम ठरवणाऱ्या आकड्याने) पडला ते सांगतो. त्याच सीडने परत चालवा आणि सुटलेली डिपेंडन्सी जोडा. टेस्टमध्ये रँडम आकडे असतील तर त्यांचाही सीड लॉगमध्ये छापा.

७. सीआयमध्ये दुसरा बिल्ड

शेवटी या सगळ्यावर पहारा बसवा. रात्री एकदा दुसऱ्या मशीनवर, वेगळ्या पाथवर बिल्ड होऊ द्या आणि बेरजा जुळल्या नाहीत तर काम लाल होऊ द्या. डिफोस्कोपचा निकाल त्याच कामाला जोडून ठेवा. कंपायलर आणि लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या बिल्डसोबत नोंदवा. डेबियन त्यासाठी बिल्डइन्फो फाइल ठेवतं. त्या नोंदीशिवाय दुसरा माणूस तोच बिल्ड उभा करू शकत नाही.

दोष तुमच्या प्रकल्पात नसून वापरलेल्या लायब्ररीत निघाला, तर स्वतःपुरता पॅच ठेवू नका. मूळ प्रकल्पाकडे पाठवा, एका पॅचमध्ये एकच दुरुस्ती ठेवा, आणि डिफोस्कोपच्या फरकाच्या नेमक्या चारपाच ओळी कमिट मेसेजमध्ये द्या. मेंटेनरला मग वेगळं पटवून द्यावं लागत नाही.